अंगठा हलला की सांगा

पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या जरा वर, त्रिकास्थी नावाचं हाड असतं. त्याला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं असतात आणि प्रत्येकातून एक नस बाहेर पडते. यातल्या तिसऱ्या नसेचा लघवीच्या पिशवीशी घनिष्ठ संबंध. आमचे सर्जन त्या तिसऱ्या भोकात एक लांब, बारीक सुई घालतात. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाडाची सावली दिसत असते, पण आमच्यातल्या निम्म्या जणांचं त्या पडद्याकडे लक्षच नसतं. आम्ही पाहत असतो पेशंटच्या पायाचा अंगठा.

मी फिजिओथेरपिस्ट. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदद्वार यांना खालून तोलून धरणारे स्नायू हा माझा विषय. पश्चिम उपनगरातल्या एका हॉस्पिटलच्या युरॉलॉजी विभागात काम करते, राहते मुलुंडला. ज्यांना लघवी धरवत नाही किंवा मुळात सुटतच नाही, त्यांच्यासाठी नसेजवळ तार आणि कमरेखाली बॅटरी बसवण्याची ही शस्त्रक्रिया भारतात अजून मोजक्याच ठिकाणी होते. ती असली की मला ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, बोलावतात ते अंगठा बघायला.

पेशंट पालथा असतो. पोटाखाली उशी, पाठीवर निर्जंतुक कापडं, पावलं मात्र मुद्दाम उघडी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच बजावलेलं असतं की स्नायू लुळे पाडणारं औषध द्यायचं नाही, नाहीतर काहीच हलणार नाही. कोपऱ्यात जड एप्रन घालून यंत्राच्या कंपनीचा माणूस करंट कमी-जास्त करायचा प्रोग्रॅमर घेऊन उभा असतो. तो आकडे म्हणत जातो. एक. दीड. दोन मिलिअँपिअर. सुई नेमकी जागेवर असेल तर आधी गुदद्वाराभोवतालचे स्नायू आत ओढले जातात, त्याला आम्ही ‘बेलो’ म्हणतो. मागोमाग अंगठा खाली वाकतो. ‘बेलो आला. टो आला.’ एवढी दोन वाक्यं ऐकली की सर्जनचे खांदे सैल होतात.

अंगठ्याऐवजी टाच फिरली, सगळं पाऊलच वळलं, तर आपण एक मजला वर, दुसऱ्या नसेवर आहोत. बेलो आला आणि अंगठा ढिम्म राहिला, तर एक मजला खाली. सुई काढा, पुन्हा घाला. तारेवर चार इलेक्ट्रोड असतात आणि चारही ठिकाणी कमी करंटमध्ये प्रतिसाद मिळावा असा सर्जनचा हट्ट असतो. तो रास्त आहे. इथे मिळवलेला एकेक मिलिमीटर पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो आणि बॅटरीही कमी खर्च होते.

या पावलांची एक वेगळीच गंमत आहे. ज्या बायकांनी तपासणीच्या टेबलावर सगळा संकोच सोडलेला असतो, त्याच बायका ओटीत शिरताना हळूच विचारतात, ‘मॅडम, पाय उघडे ठेवणार? टाचांना फार भेगा आहेत हो.’ आणि मग जोडवी. ओटीत विजेवर चालणारी कॉटरी वापरतात, म्हणून अंगावर धातू नको. एका काकूंची जोडवी लग्नापासून निघालेली नव्हती, बोट सुजून घट्ट बसली होती. सिस्टरने साबण लावला, दोरा गुंडाळला, वीस मिनिटं खाली बसून ती सोडवली आणि काकूंचा चेहरा पाहून दोन्ही बोटांना गॉजची बारीक पट्टी बांधून दिली. सिस्टर मूळच्या केरळच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या दिवशी अंगठा पहिल्याच फटक्यात वाकला आणि शेजारच्या बोटावरची ती पांढरी पट्टी हलताना मी पाहिली.

पण ओटीपर्यंत पोचणारे फार थोडे. त्याआधीचा रस्ता लांब आहे आणि बहुतेक किस्से त्या रस्त्यावरचेच आहेत.

आमच्या ओपीडीत येणाऱ्या बायकांना पश्चिम आणि मध्य रेल्वेची स्टेशनं एका वेगळ्याच अंगाने पाठ असतात. कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला शौचालय आहे, कुठलं कुलूपबंद असतं, कुठे पाणी नसतं. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी, गर्दीच्या वेळी तासाभराचा हिशोब. ज्यांच्या पिशवीला दम धरवत नाही त्या फास्ट गाडी पकडतच नाहीत. फास्ट मध्ये फार कमी ठिकाणी थांबते ना. स्लो पकडायची, अंधेरीला उतरायचं, जाऊन यायचं, पुढची स्लो. घाटकोपरहून येणारी एक मुलगी मेट्रो सोडून बसने यायची, कारण बस कुठेही सोडता येते. आणि जवळपास सगळ्याजणी एक गोष्ट करतात: पाणी पीत नाहीत. सकाळी अर्धा कप चहा, मग घरी परतेपर्यंत कोरड्या. लघवी दाट होते, पिशवी आणखी चिडते, जंतुसंसर्ग होतो, घाई वाढते.

या शहरात हा विषय रस्त्यावर आणण्याचं श्रेय चेंबूरच्या ‘कोरो’ संस्थेला आणि तिच्या सोबतच्या संघटनांना आहे. २०११मध्ये त्यांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र त्याच कामाचे पैसे, हे त्यांनी शौचालय-शौचालय फिरून दाखवून दिलं. त्यातल्या मुमताज शेख यांचं नाव २०१५मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आलं. मला या मोहिमेबद्दल फार आदर आहे. माझ्या पेशंटपैकी कित्येकींनी ‘लघवी’ हा विषय चारचौघांत पहिल्यांदा ऐकला तो या कार्यकर्त्यांच्या तोंडून. शौचालय जवळ असतं तर निम्म्या जणींचा जाच निम्मा झाला असता. उरलेल्या निम्म्यांना आजारच आहे, आणि आजाराला उपचार असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘वयोमानाप्रमाणे होणारच’, ‘दोन बाळंतपणं झाली, आता काय’ एवढंच सांगितलेलं असतं.

ओपीडीत आम्ही पहिल्या दिवशी मशिनचं नावही काढत नाही. एक वही देतो आणि एक प्लॅस्टिकचा मापाचा मग. तीन दिवस लिहायचं: किती वाजता गेलात, किती मिली झाली, घाई होती का, कपड्यात झाली का, काय प्यायलात. चांगल्या पिशवीत चारशे-पाचशे मिली मावते आणि माणूस दिवसातून सात-आठदा जातो. आमच्याकडच्या वह्यांत सोळा-सतरा वेळा आणि दर वेळी साठ-सत्तर मिली असे आकडे दिसतात.

सांगायला सोपं आहे हे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या एका ताईने मला विचारलं, ‘मॅडम, मग घेऊन रांगेत उभी राहू?’ सार्वजनिक शौचालय, खाली उतरून जायचं, सकाळी रांग. तिने स्वतःच मार्ग काढला. मगावर डालड्याचा जुना डबा उपडा घालायची, वरून टॉवेल. लोकांना वाटायचं पाणी नेते आहे. त्या वहीत आकडे मोबाइलवर बघून लिहिलेल्या वेळांसकट होते, तीनही दिवस, एकही जागा रिकामी नाही. मोठ्या सोसायट्यांतून येणाऱ्या वह्या बऱ्याचदा हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये भरलेल्या असतात. ते ओळखता येतं. सगळे आकडे शंभर, दोनशे, दीडशे.

अशाच एका वहीने एक शस्त्रक्रिया वाचवली. बोरिवलीचे काका, बँकेतून निवृत्त, रात्री पाच-पाच वेळा उठणारे. इंटरनेटवर वाचून आले होते, तारेची शस्त्रक्रिया करून घ्यायचीच म्हणून. पैशांची सोय झाली होती. काकांनी वही आलेखाच्या कागदावर केली होती, लाल-निळ्या शाईत. त्यात दिसलं की दर वेळी लघवी भरपूर होतेय, तीनशे, साडेतीनशे मिली. पिशवी उत्तम होती. रात्री मूत्रच जास्त तयार होत होतं. संध्याकाळी पाय सुजतात का, घोरता का, हे विचारल्यावर काकू मागून म्हणाल्या, ‘अहो, भिंत हलते.’ झोपेत श्वास अडखळण्याचा आजार निघाला. मास्क लावून झोपायला लागल्यावर काका रात्री एकदा उठू लागले. तिसऱ्या नसेत तार घालून यातलं काहीही झालं नसतं.

वहीनंतर पाण्याच्या वेळा, व्यायाम, मग गोळ्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती मंदावू शकते, म्हणून पुष्कळजण सोडून देतात. त्यानंतर दोन वाटा असतात: पिशवीच्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं किंवा नसेला करंट. अमेरिकेत या दोन्हींची समोरासमोर तुलना झाली, ‘रोझेटा’ नावाने, आणि २०१६मध्ये निकाल छापून आला. कपड्यात होण्याचे प्रसंग बोटॉक्सने रोज सरासरी ३.९ने घटले, नसेच्या उपचाराने ३.३ने. बोटॉक्स किंचित सरस. पण बोटॉक्स घेतलेल्या ३५ टक्के बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या गटात ११ टक्क्यांना. शिवाय बोटॉक्स ठरावीक महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं, आणि काहींना त्यानंतर स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. मी पेशंटला हे सगळे आकडे सांगते. एकाच वाटेची भलामण करणाऱ्यांचा मला राग येतो.

या तंत्राच्या जन्माचे किस्से आमच्या जेवणाच्या सुट्टीतले आवडते. लंडनचे जाइल्स ब्रिंडली हा एक अफाट माणूस. एका अंध बाईच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवण्याचा प्रयोग त्यांनी १९६०च्या दशकात केला. ‘बसून’ (bassoon) नावाचं सुषिर वाद्य वाजवायला अवघड, म्हणून त्याच्या चाव्यांना विजेचं तर्कशास्त्र जोडून त्यांनी नवं वाद्यच बनवलं. मग मणका तुटलेल्या माणसांच्या लघवीकडे वळले. आधी बॅबून माकडांवर प्रयोग, मग १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात माणसांवर. त्यांची कल्पना होती थेट हुकमाची: बाहेरून रेडिओलहरींचं उपकरण धरायचं, नसांच्या मुळांना करंट द्यायचा आणि पिशवी आकुंचित करायची. अडचण अशी की त्याच करंटने लघवी अडवणारा झडपेचा स्नायूही आवळतो. ब्रिंडलींनी यावर काढलेली युक्ती मला आजही थक्क करते. झडपेचा स्नायू चटकन आवळतो आणि चटकन सुटतो, पिशवीचा स्नायू दोन्हीही सावकाश करतो. म्हणून करंट थांबून-थांबून द्यायचा. मधल्या क्षणांत झडप सैल, पिशवी अजून आवळलेली, तेवढ्यात लघवी बाहेर. धार टप्प्याटप्प्याने येते, पण पिशवी रिकामी होते. याला किंमत होती: नसांची मागच्या बाजूची मुळं सहसा कापावी लागत. म्हणून हा उपचार मणका पूर्ण तुटलेल्यांपुरताच राहिला.

आपल्याकडे असे पेशंट कमी नाहीत. लोकलमधून पडलेले, बांधकामावरून कोसळलेले. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत आणि इतरत्र त्यांना शिकवली जाते ती दिवसातून चार-सहा वेळा स्वतः स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करण्याची पद्धत. ती अमेरिकेच्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२मध्ये मांडली. निर्जंतुक हातमोजे नसले तरी चालतं, पिशवी तुंबू देऊ नका, असं त्यांनी ठामपणे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनाच ते पटेना. तिच्यामुळे किती मूत्रपिंडं वाचली असतील!

आज ओटीत आम्ही करतो ते सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातून आलं. मूळचे इजिप्तचे एमिल टॅनागो आणि त्यांचे सहकारी रिचर्ड श्मिट यांनी १९८०च्या सुमारास कुत्र्यांवर काम करून मग माणसांकडे वळण घेतलं. त्यांनी हुकूम सोडला आणि नसेला नुसतं हलकेच थोपटत ठेवायचं ठरवलं. सेकंदाला साधारण १४ स्पंदनं, पेशंटला जाणवली तर जाणवली अशी. हा करंट पिशवीला काही करायला लावत नाही. पिशवीकडून मेंदूकडे जाणाऱ्या चुकीच्या आरोळ्या मंद होतात, असं आज मानलं जातं. म्हणून याला लोक ‘पिशवीचा पेसमेकर’ म्हणतात तेव्हा मी जरा थांबवते. हृदयाचा पेसमेकर ठोका घालतो, हा तसं काही करत नाही. आणि म्हणूनच एक विलक्षण गोष्ट घडते: ज्याची लघवी सारखी सुटते त्यालाही हा उपचार लागू पडतो आणि जिची मुळीच सुटत नाही तिलाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९७मध्ये पहिल्या तक्रारीसाठी परवानगी दिली, १९९९मध्ये दुसऱ्या.

ही दुसरी तक्रार मला फार जवळची आहे. विशी-तिशीतली धडधाकट मुलगी. एक दिवस लघवी सुटेना. पोट फुगलं, कॅज्युअल्टीत नेलं, नळी घातली तर लिटरभर निघाली. सोनोग्राफी चांगली, एमआरआय चांगला. दोन-तीन ठिकाणी फिरवल्यावर कुणीतरी म्हणतं, मानसिक आहे. सासरी असेल तर ‘नाटकं करते’. लंडनच्या डॉक्टर क्लेअर फाउलर यांनी अशा मुलींच्या झडपेच्या स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज मोजली, आणि यंत्राच्या स्पीकरमधून आवाज आला. लांब, खाली उतरत जाणारा, देवमाशांच्या हाकांसारखा. तो स्नायू सैलच होत नव्हता. १९८८मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तोवर ‘नाटकी’ ठरवलेल्या मुलींच्या दुखण्याला नाव मिळालं: फाउलर सिंड्रोम. या मुलींना गोळ्यांनी फारसं काही होत नाही. त्रिकास्थीतल्या नसेचा करंट हाच त्यांच्या कामी येणारा मुख्य उपचार आहे. पहिल्यांदा अशी मुलगी समोर आली तेव्हा मी तिच्या आईसमोर हा आवाजाचा किस्सा सांगितला. आई उठली, बाहेर गेली, आणि जावयाला आत घेऊन आली. म्हणाली, ‘मॅडम, परत एकदा सांगा. यांच्यासमोर.’

सुरुवातीला पाठीवर मोठा छेद घ्यावा लागे आणि तार हाडाजवळ टाके घालून बसवत. मग इटलीच्या मिकेले स्पिनेल्ली यांच्या कामातून नवी तार आली. तिला छत्रीच्या काड्यांसारखे मऊ प्लॅस्टिकचे काटे असतात, नळीतून घालताना मिटलेले, नळी मागे ओढली की उघडून मांसात रुतणारे. २००२पासून ती सर्रास वापरात आहे. आज सुईच्या भोकातून काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओटीतला अंगठा फक्त जागा बरोबर आहे एवढंच सांगतो. उपचार लागू पडेल का, ते ठरतं पेशंटच्या घरी. पहिल्या वेळी आम्ही नुसती तार घालतो. तिचं टोक त्वचेतून बाहेर काढून कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या यंत्राला जोडतो आणि पेशंटला घरी पाठवतो. साधारण दोन आठवडे. तीच वही, तोच मग. त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला तरच दुसऱ्या वेळी कायमची बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात, त्वचेखाली बसते. नाही झाला तर तार काढून टाकायची. लाखांच्या घरात जाणारा खर्च करण्याआधी स्वतःच्या घरात, स्वतःच्या लोकलमध्ये वापरून बघता येतो असा दुसरा शस्त्रक्रियेचा उपचार मला तरी माहीत नाही. मी या दोन आठवड्यांवर जीव टाकते तो यासाठी.

मुंबईत ते दोन आठवडे सोपे नसतात. आंघोळ नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. दमट हवेत चिकटपट्टी सुटते, खाली खाज येते. म्हणून जुलैमध्ये आम्ही शक्यतो चाचणी घेतच नाही. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणजे बाईने केर काढायचा नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, देव्हाऱ्यापुढे खाली बसून पूजा करायची नाही. हे घरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं. मी नवऱ्याला बोलावते, सून असेल तर सुनेला. ‘दोन आठवडे ह्या पाहुण्या आहेत’, असं सांगते. बहुतेक घरं ऐकतात.

मुलुंडच्या एक शिक्षिका होत्या. नाटकाचं वेड. पण कालिदास नाट्यगृहात गेल्या तरी कडेची, दाराजवळची खुर्ची, आणि पहिल्या अंकातच दोनदा उठायचं, अंधारात लोकांचे गुडघे ओलांडत. मग जाणंच सोडलं. चाचणीच्या आठव्या-नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं तार हलली. त्या कालिदासच्या आवारातून बोलत होत्या. मध्यंतर झालं होतं. ‘मी मधल्या रांगेत बसलेय,’ त्या म्हणाल्या, ‘आणि आता मध्यंतरात जायलाच हवं असं काही नाही, पण जाऊन येते.’ त्यांची वही सोळावरून सातवर आली होती. पण माझ्यासाठी मधली रांग हा पुरावा मोठा होता. बॅटरी बसवल्यावर त्यांनीच एक प्रयोग केला: कुणाला न सांगता रिमोटने यंत्र बंद ठेवलं. काही दिवसांत जुना त्रास परत. पुन्हा सुरू केलं, पुन्हा आराम. ‘मनाचे खेळ तर नाहीत ना, बघायचं होतं,’ म्हणाल्या.

सगळ्यांचं असं होत नाही. अंधेरीच्या एका ताईंचा अंगठा ओटीत सुरेख वाकला होता, चारही इलेक्ट्रोडवर. घरी गेल्यावर वहीत काही फरक नाही. प्रोग्रॅम बदलला, इलेक्ट्रोडच्या जोड्या बदलल्या, तरी नाही. तार काढली तेव्हा त्या रडल्या, मलाही आवरलं नाही. पण ज्याने गुण येणार नव्हता असं यंत्र त्यांच्या अंगात राहिलं नाही. बोटॉक्सने त्यांना पुढे बरंच बरं वाटलं.

कायमचं यंत्र बसल्यानंतरचा पडद्यामागचा व्याप वेगळाच. जुनी बॅटरी १४ घनसेंटीमीटरची, काही वर्षांत संपणारी. २०१९नंतर आलेल्या रीचार्ज करायच्या बॅटऱ्या तीन ते साडेपाच घनसेंटीमीटरच्या, पंधरा वर्षं चालतील अशा. बारीक अंगाच्या बायकांना हा फरक बसताना कळतो. पेशंटला एक कार्ड मिळतं, ते पर्समध्ये कायम. मेट्रो स्टेशनवर तपासणीची दांडी कमरेजवळ धरू देऊ नका, कार्ड दाखवा, हे आम्ही शिकवतो. घाटकोपरच्या गर्दीत रांग अडवून कार्ड काढायचं म्हणजे धीर लागतो. पहिल्या वेळी एका काकूंनी तपासणीवाल्या मुलीला सांगितलं, ‘बाळा, मशिन आहे आतमध्ये.’ तिने बाजूला घेऊन हातानेच तपासलं आणि कशाचं मशिन म्हणून विचारलं. काकूंनी सांगितलं. त्या मुलीची आई पुढच्या महिन्यात आमच्या ओपीडीत आली.

खरा धोका मेट्रोत नाही, माझ्याच पेशात आहे. कंबर धरली की उपनगरातला माणूस गल्लीतल्या फिजिओकडे ‘शेक’ घ्यायला जातो. तो शेक बऱ्याचदा शॉर्टवेव्ह डायथर्मीचा असतो. अंगात अशी तार असताना डायथर्मी पूर्ण वर्ज्य आहे, तारेचं टोक तापून नस भाजू शकते. आमच्या एका पेशंटला एका दवाखान्यात टेबलावर झोपवून पॅड लावलेही होते. तिने सहज म्हणून कार्डाचा विषय काढला म्हणून वाचली. तेव्हापासून मी डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून देते: डायथर्मीचा शेक घ्यायचा नाही. एमआरआयआधी यंत्र कोणतं आहे ते दाखवायचं. नव्या यंत्रांवर अटी पाळून सगळ्या शरीराचा एमआरआय करता येतो, जुन्यांवर फक्त डोक्याचा.

आणि पैसा? डोंगरावरच्या त्या ताईला मी तारेच्या शस्त्रक्रियेचा खर्च सांगितला तेव्हा ती मान हलवून उठायला लागली. मी तिला बसवलं. कारण याच नसेचे काही तंतू पायात खाली येतात, घोट्याच्या आतल्या बाजूला. सॅन फ्रान्सिस्कोतल्याच मार्शल स्टोलर यांनी १९९०च्या दशकात घोट्याच्या तीन-चार बोटं वर बारीक सुई घालून करंट द्यायची पद्धत बसवली. जागा चिनी सुईउपचारातल्या एका जुन्या बिंदूच्या आसपासची. आठवड्यातून एकदा अर्धा तास, बारा वेळा. आता त्या जागी त्वचेखाली बसवायची छोटी यंत्रंही निघाली आहेत. अमेरिकेत पहिल्याला २०२२मध्ये मंजुरी मिळाली. आमच्याकडे मात्र सुईऐवजी चिकटणारे पॅड आणि दुखण्यासाठी वापरतात तेच साधं टेन्स मशिन चालतं. तारेइतका जोरकस परिणाम नाही, सगळ्यांना लागूही पडत नाही, पण खर्च हजार-दोन हजारांतला.

डालड्याच्या डब्यावाली ताई दर गुरुवारी आली. दहाव्या वेळेपर्यंत वहीतले रात्रीचे आकडे पाचवरून दोनवर आले होते. तिने मशिन विकत घेतलं, पॅड कुठे लावायचे त्या जागी मी पेनाने खुणा करून दिल्या. महिन्याभराने ती परत आली ती शेजारच्या तिघींना घेऊन. दुपारी सगळ्या तिच्याच घरी जमून एकेकीने पॅड लावायचे ठरले होते. मी तिघींनाही आधी वही आणि मग दिला. एक पाच महिन्यांची गरोदर होती, तिला मशिन लावायचं नाही म्हणून सांगितलं. दुसरीच्या छातीत हृदयाचा पेसमेकर होता, तिलाही नाही. तिसरीच्या लघवीत जंतू निघाले, तिला आधी औषध. मशिन कोणी लावायचं नाही, याची मराठीत एक पानाची यादी करून मी ताईच्या हातात दिली आणि ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगितली. आता नवीन कुणी आलं की ती आधी यादी वाचून दाखवते, आणि नंतर मग पुढे करते.